नव्या तेलाची फेरी

वर्षातून दोनदा, गाडीचं इंजिन ऑइल बदललं की पुंजारामनाना घरातल्या माणसांना गाडीत घालून फेरी मारायला नेत. फेरी कुठेही जात नसे. इंदिरानगरातून निघायचं, पाथर्डी फाट्यापर्यंत जायचं, वळायचं आणि घरी यायचं. वाटेत भेळ नाही की उसाचा रस नाही. माणसांनी फक्त गाडी किती मऊ चालते आहे ते अनुभवायचं आणि नानांनी आरशातून "काय, जाणवतोय ना फरक?" असं विचारलं की "हो तर, लोण्यासारखी!" म्हणायचं. 'लोणी' हा शब्द आला नाही तर फेरी लांबायची, म्हणून शहाणी माणसं तो लवकर वापरून टाकत.

चंद्रभागाबाईंनी तो पंधरा वर्षांत तीस वेळा वापरला होता. खरं सांगायचं तर त्यांना एकदाही काही जाणवलं नव्हतं. तेल काळं असताना गाडी जशी चालायची तशीच ते सोनेरी झाल्यावरही चालायची. खड्डा आला की आदळायची, चढ आला की कण्हायची. पण खरं सांगायची त्या घरात पद्धत नव्हती. नाना एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. तिथे तेहतीस वर्षांत त्यांनी एकच कीर्ती कमावली होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, "हे आठ दिवसांत जाणार." आणि ते जायचंही. कानात घालायला बोळे मिळत, ते नानांनी कधी घातले नाहीत. "बोळे घातल्यावर बेअरिंग काय डोंबल ऐकू येणार?" असं म्हणून ते बोळेवाल्यांना हसत. आता सहा वर्षं झाली, नानांना ऐकू येत नव्हतं.

म्हणजे अगदीच ठार नाही. समोर उभं राहून कुणी बोललं की निम्मं त्यांना ओठांवरून कळायचं, थोडं ते अंदाजानं भरायचे आणि उरलेल्यावर "बरोबर आहे" म्हणत मान डोलवायचे. या मान डोलावण्यामुळे ते फार समंजस आहेत असा बोलबाला झाला आणि लोकांनी त्यांना सोसायटीचा अध्यक्ष केलं.

हे गुपित एकट्या चंद्रभागाबाईंना ठाऊक होतं आणि त्यांनी ते जिवापाड जपलं होतं. नवऱ्याच्या मायेपोटी? छे हो. लग्नाला अडतीस वर्षं झालेली, त्यातल्या पहिल्या बत्तीस वर्षांत त्यांना एक वाक्य पुरं करायला मिळालं नव्हतं. प्रत्येक वाक्य "तुला त्यातलं कळत नाय" इथं अडायचं. गेली सहा वर्षं मात्र त्या पोटभर बोलत होत्या. नाना त्यांना गाडीत पुढे बसू देत नसत ("तू श्वास रोखून धरती, माझा गिअर चुकतो"), तेच पथ्यावर पडलं. मागच्या सीटवर बसायचं, आरशासाठी चेहरा हसरा ठेवायचा आणि ओठ फारसे न हलवता हवं ते सांगायचं. "लोणी कसलं, खडीचं पोतं हाय तुमची गाडी." "तुम्ही मला बघायला आला त्या दिवशी मला गोवर निघाला असता तर लय बरं झालं असतं." नाना आरशात बघून समाधानानं मान डोलवायचे. एवढं सुख बाईंनी माहेरीसुद्धा भोगलं नव्हतं. कानांवर इलाज झाला असता तर जीभ पुन्हा कुलपात गेली असती. म्हणून टीव्हीचा आवाज चार घरं ऐकू जायला लागला तेव्हा बाई स्वतःच शेजाऱ्यांना म्हणाल्या, "मला जरा कमी ऐकू येतं हो." झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली जावयानं. लेक वेदिकाचा नवरा महेश सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. एका रविवारी जेवताना नाना म्हणाले, "गाडी जड लागती. तेल बदलायला आलंय. पुढच्या रविवारी फेरी!"

महेश बरोबर त्यांच्या समोर बसला होता. तोंडातला घास संपवून, स्वच्छ ओठ हलवत तो म्हणाला, "नाना, रागावू नका. तेल बदलायलाच पाहिजे, त्याशिवाय इंजिन टिकत नाही. पण चालवताना फरक जाणवतो ना, तो बहुतेक आपल्या मनात असतो."

नानांचा चेहरा वांग्यासारखा झाला. "मनात? अरे, मी चालत्या मशीनच्या पोटातलं ऐकलेला माणूस! तेल बदललंय का नाय, मी शंभर पावलांत सांगीन."

मग पैज लागली. शनिवारी गाडी वडाळा नाक्यावर इब्राहिमच्या गॅरेजात सोडायची. तेल बदलायचं की तसंच ठेवायचं हे इब्राहिमनं आपल्या मर्जीनं ठरवायचं आणि चिठ्ठीवर लिहून गाडीबरोबर महेशकडे द्यायचं. रविवारी नानांनी गाडी चालवून ओळखायचं. तेल ओळखण्याची चंद्रभागाबाईंना फिकीर नव्हती, तो छापा-काट्याचा खेळ होता. त्यांना भीती होती ती जावई तासभर नानांच्या शेजारी बसून त्यांच्या कानांची परीक्षा घेईल याची.

शनिवारी त्या मुद्दाम नानांबरोबर गॅरेजात गेल्या. इब्राहिम गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "नाना, सायलेन्सरचा पाइप गंजून गेलाय. वेल्डिंग करून घ्या. एखाद्या स्पीड ब्रेकरवर सुटून पडंल. आजच करू का नंतर आणता?"

"बरोबर आहे," नाना इब्राहिमच्या पायांना म्हणाले. "उद्या सकाळी येतो."

चंद्रभागाबाईंनी सगळं ऐकलं होतं. नानांना सांगायचं तर गॅरेजात ओरडून सांगावं लागलं असतं आणि घरी सांगितलं असतं तर नाना इब्राहिमशी भांडायला उठले असते, की मला आधी सांगितलं का नाही. मग इब्राहिम म्हणाला असता, सांगितलं की. सहा वर्षांत पहिल्यांदाच बाई गप्प बसल्या.

रविवारी सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसले. महेश शेजारी, चिठ्ठी त्याच्या खिशात. मायलेकी मागे. गाडी निघाली. शंभर पावलं झाली, दोनशे झाली, नाना अजून मान तिरपी करून ऐकत होते. पुढच्या वळणावरचा स्पीड ब्रेकर आला. गाडी आदळली, खाली काहीतरी खणकन तुटलं आणि इंजिन असं गरजायला लागलं की रस्त्याकडेची कुत्री उठून पळाली. दुधाची पिशवी घेऊन निघालेल्या एका आजोबांनी पिशवी बगलेत धरून दोन्ही कानांवर हात ठेवले. बायका बाल्कनीत आल्या.

नानांनी एक बोट वर केलं. त्यांच्या चेहऱ्यावर देवळातलं समाधान होतं.

"ऐका," ते म्हणाले. "आवाज हाय का कुठं? बदललंय तेल. याला म्हणायचं तेल!" आणि मग पुढच्या कांद्याच्या ट्रककडे बोट दाखवून, "आणि ह्याचं बघा. केवढा आवाज! मेंटेनन्स म्हणून नाय लोकांना."

महेशनं मागे वळून वेदिकाकडे पाहिलं. वेदिकानं आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

गाडी बाजूला घेतल्यावर महेशनं चिठ्ठी काढली. 'ऑइल बदलले. फिल्टरपण.' नाना जिंकले होते. त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मनात असतं म्हणे!" वेदिकानं ती चिठ्ठी घेतली, उलटी केली आणि मागे लिहिलं, 'नाना, सायलेन्सर तुटला आहे. सगळ्या इंदिरानगरनं ऐकला. तुम्हाला ऐकू येत नाही.' नानांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग घडी घालून चिठ्ठी वरच्या खिशात ठेवली आणि गाडीची किल्ली मुकाट्यानं महेशच्या हातात दिली. चंद्रभागाबाईंना हसू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

पंधरा दिवसांत नानांच्या दोन्ही कानांमागे मशीन बसलं. कानामागून आलं आणि तिखट झालं म्हणतात तसंच. घरात आता कुकरची शिट्टी मोठी होती, पंखा करकरत होता, टीव्हीवरची माणसं ओरडत होती आणि या सगळ्याला जबाबदार चंद्रभागाबाई होत्या. त्या बिचाऱ्या चार दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या. पाचव्या दिवशी मोरीत जाऊन नळ सोडून बोलल्या, तर बाहेरून आवाज आला, "कोणाशी बोलती?"

सायलेन्सर जोडून आला आणि नानांनी मशीन लावून पहिल्यांदा गाडी सुरू केली. दोन मिनिटांत त्यांचं तोंड वाकडं झालं. डॅशबोर्ड खडखडत होता, दार किरकिरत होतं, इंजिन तर जात्यासारखं घरघरत होतं.

"भेसळ!" नाना कडाडले. "इब्राहिमनं भेसळीचं तेल घातलं! आधी कशी गप चालायची! चल, आत्ताच जाऊन विचारतो त्याला."

चंद्रभागाबाई नेहमीसारख्या मागे बसल्या. द्वारका चौकात गाड्या तुंबल्या होत्या. नाना तेलाला शिव्या घालत होते. बाईंच्या जिभेला सहा वर्षांची सवय, ती गप्प किती राहणार?

"गाडी हाय तशीच हाय," त्या पुटपुटल्या. "नाचता येईना अंगण वाकडं."

आरशात नानांचे डोळे स्थिर झाले. "काय म्हणाली?"

"काय नाय."

नाना आरशात बघत राहिले. त्या बघण्यात राग थोडा होता. सहा वर्षांच्या फेऱ्या, आरशातला तो हसरा चेहरा, सगळं ते परत आठवून बघत असावेत. मग त्यांनी एक मशीन काढलं, दुसरं काढलं, दोन्ही पुढच्या ट्रेमध्ये ठेवली आणि सीटला पाठ टेकली.

"हां," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तेल गरम झालं की असं बसतं. आता आवाज गेला बघ. जाणवतोय ना फरक?"

गेलेलं राज्य चंद्रभागाबाईंना आयतं परत मिळालं होतं. चेहरा हसरा ठेवायचा आणि बोलायचं. त्यांनी तोंड उघडलं, पण पहिल्यांदाच शब्दांना चव लागेना. इतके दिवस या माणसाला ऐकू येत नव्हतं, ती गोष्ट वेगळी होती. आता त्याला ऐकायचं नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं.

त्या खाली उतरल्या. गाड्यांच्या गर्दीत पदर सावरत पुढचं दार उघडलं आणि नानांच्या शेजारी जाऊन बसल्या. ट्रेमधली दोन्ही मशीनं उचलली, पदराला पुसली आणि नाना "अगं, अगं" म्हणत असतानाच, लेकराला टोपडं घालावं तशी त्यांच्या कानांमागे बसवली.

"मला कधीच काय जाणवलं नाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तीस वेळा तेल बदललं, तीस वेळा मी खोटं बोलले. आता सगळं सांगणार हाय. मधी बोलायचं नाय."

नाना मध्ये बोलले नाहीत. पुढच्या गाड्या सुटल्या, मागून हॉर्न वाजायला लागले. ते दोघांनाही ऐकू येत होते.