ग्रॉन्याला दिलेली जागा

ग्रॉन्याने सर्फिंगची फळी विकायला काढली तेव्हा गावात कुणालाच नवल वाटलं नाही. बाई हट्टाला पेटली होती खरी, पण सहा हिवाळे खडकावर आपटून घ्यायचं म्हणजे काय खायचं काम आहे? एकदा खांदा निखळला, एकदा हनुवटीला टाके पडले. त्या गार पाण्यातून दर वेळी ती निळी पडूनच बाहेर यायची. आपल्यात ती धमकच नाही, असं तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

तिचा नवरा कॅहल मात्र त्याच लाटेवर राजासारखा फिरायचा. लग्नानंतर त्यानेच तिला जागा नेमून दिली होती. पाण्यात बसून किनाऱ्याकडे बघायचं, चर्चचा मनोरा डेलींच्या घराच्या धुराड्यामागे आला की ती तिची जागा. तो स्वतः जरा पलीकडे, लाल गोठ्याच्या रेषेत बसायचा. इकडे लाट फार जोरात फुटते, तुला झेपायची नाही, तुझ्याकडे पाणी खोल आहे, म्हणायचा. किती जपतो आपल्याला, असं वाटून ही वेडी सुखावायची. घरी तिचा खांदा चोळून देताना, सगळ्यांनाच जमतं असं नाही गं, हेही तोच म्हणायचा. काय तो साळसूदपणा!

शनिवारी ती सासूकडे चहाला गेली. नोरीनची खिडकी समुद्रावरच उघडते. ब्रेडला लोणी लावता लावता म्हातारी म्हणाली, "एक विचारू? तू त्या धुराड्याच्या रेषेत कशाला जाऊन बसतेस? बघून माझा जीव वरखाली होतो."

तिथे पाणी खोल आहे, कॅहलनेच सांगितलंय, असं ग्रॉन्या म्हणाली.

"उलटं सांगतेस तू. खोल पाणी गोठ्याच्या रेषेत. तुझ्याखाली खडक पार वर आलाय. आमचे हे शेवंडं धरायचे पिंजरे टाकायला जायचे, पण होडी तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. कॅहल पोरवयात तिथेच डोकं फोडून घरी आला होता. तो कसा विसरेल?"

ग्रॉन्याने चहाचा कप खाली ठेवला. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. इथे उशाशी झोपणाऱ्यानेच केसाने गळा कापला होता.

रविवारी सकाळी ती विकायला काढलेली फळीच घेऊन कॅहलच्या आधी पाण्यात उतरली आणि गोठ्याच्या रेषेत जाऊन बसली. पहिलीच मोठी लाट आली, तिने हिला अलगद उचललं आणि थेट खाडीच्या तोंडापर्यंत नेलं. कुठे आपटणं नाही, धडपडणं नाही. सहा वर्षं ती स्वतःलाच नालायक म्हणत आली होती. ती फळीवर पालथी पडून ढसाढसा रडली आणि मग हात मारत परत त्याच जागेवर आली.

तोवर कॅहल आला होता. तिला तिथे बघून त्याचा चेहरा पडला.

"कोणी सांगितलं तुला?"

चुकतेयस, मागे हो, लागेल तुला, यातलं एक अक्षर नाही.

"का केलंस?" तिने विचारलं.

"इथे एकालाच जागा आहे, ग्रॉन्या."

"आणि माझा खांदा? ही हनुवटी?"

"मला वाटलं होतं," तो म्हणाला, "पहिल्याच हिवाळ्यात सोडशील."