राखेचं अंथरूण

फेब्रुवारी संपत आला की इटलीतल्या झोल्दोच्या दरीतली माणसं जर्मनीला निघतात, आइस्क्रीम विकायला. बर्फ अजून कुंपणाच्या वर असतं आणि इकडे गाड्यांच्या टपावर गाद्या नि ट्रंका चढायला लागतात. बर्फात जन्मलेल्यांनी परक्या देशात जाऊन गारवा विकावा, यावर इथे आता कुणी हसतही नाही. परततात ते ऑक्टोबरात. तोवर खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद.

निघताना घरातली बाई सगळ्यात शेवटी चुलीला हात लावते. राख पार दगड दिसेपर्यंत झाडून काढते. घरात माणूस राहणार असेल तर मात्र राख पुरती काढत नाहीत, तळाला थोडी राहू देतात. उघडा दगड म्हणजे बंद घर, हे इथल्या पोरींना वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणून निघायच्या सकाळी नवरा, मोरेनो, गुडघे टेकून शेगडीची वाटी घासत बसला, तेव्हा मारिका दारातच थबकली. घासून घासून त्याने ती अशी लखलखीत केली, की जणू दुकानातून नुकतीच आणलीय.

त्याच्या आजोबांच्या दगडी चुलीच्या पोटातच ही पेलेटची शेगडी बसवलेली होती. लाकडाच्या भुशाच्या बारीक कांड्या वरच्या टाकीत ओतायच्या. त्या आपोआप खालच्या भोकाभोकांच्या लोखंडी वाटीत पडतात, मागची सळई तापते, पंखा वारा घालतो आणि काचेआड आग उभी राहते. आजवर तिचं सगळं मोरेनोच बघायचा.

"ऐकतेयस ना? रोज सकाळी, पार गार झाली की वाटी उपसायची," तो सांगत होता. "भोकं मोकळी करायची. खालचा खण आठवड्याने..."

चार महिन्यांची नोएमी खांद्यावर किंचाळत होती. मारिका नुसती मान हलवत राहिली. तिचे डोळे त्या वाटीवर होते. आम्ही दोघी इथेच राहणार आहोत ना, मग हा घर बंद केल्यासारखा काय करतोय?

दर वर्षी तीही जायची. यंदा नोएमीची छाती दोनदा भरून आली होती, आणि जर्मनीतल्या दुकानावरच्या खोलीच्या भिंतींना ओल. डॉक्टर म्हणाले, ईस्टरपर्यंत हलवू नका. त्यावर सासू ओतिलियाने लगेच फर्मान काढलं होतं, की मग पोर माझ्याकडे. नोएमी झाल्यापासून सगळे ओतिलियाला नोन्ना, म्हणजे आजीच म्हणत. नोन्ना एकटीच राहायची, उताराखालच्या गल्लीत.

"मी माझ्याच घरात राहीन," मारिका म्हणाली होती.

"राहा की. पण ज्या दिवशी शेगडी पेटायची नाही, त्या दिवशी पोर घेऊन खाली यायचं. रडायचं नाही, भांडायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"बघ हं. मोरेनो साक्षीला आहे."

तिचा हट्ट नोन्नाला कळणं अवघड होतं. मारिकाचं माहेर वरच्या वाडीत. ते घर "एवढा एकच हंगाम" म्हणून बंद केलं होतं, तेव्हा ती शाळेत होती. नंतर आई जर्मनीतच आजारी पडली, बाबांनी तिथेच घर घेतलं, आणि इथल्या झडपा ज्या लागल्या त्या लागल्याच. आता छपराला भोक आहे. घर एकदा बंद करायची सवय लागली की ते उघडत नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. नोएमीच्या घराचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

गाड्या गेल्या आणि गाव एकदम मोठं वाटायला लागलं. शेजारच्या घरांच्या झडपा बंद, पलीकडच्याही बंद. दूध पाजताना, लंगोट वाळत घालताना, स्वतःचाच आवाज ऐकू यावा म्हणून ती मोठ्याने बोलायची. नोएमी टकमक बघायची आणि मध्येच ढेकर द्यायची. दिवसभरातलं तेवढंच काय ते उत्तर.

सकाळी मात्र शेगडीपाशी तिला बरं वाटे. ओला कागद राखेत बुडवून ती काच पुसे, टाकी भरे, खणातली राख पत्र्याच्या बादलीत काढे. वाटीला हात लावायची वेळ आली की थांबे. एकदा नोन्ना आली असताना तिने मुद्दाम विचारलं, "ही पुरती रिकामी करायची असते का हो?"

"पुरती?" नोन्नाने कपाळाला हात लावला. "घरात तान्हं पोर असताना? काहीतरीच. आगीला अंथरूण लागतं, पोरी. दोन बोटं राहू दे."

मारिकाला हेच ऐकायचं होतं. तिने दोन बोटं राख राहू दिली. रोज वरची वरची काढायची, खालची तशीच.

आग हळूहळू आळशी झाली. आधी उभी, पिवळी जळायची, आता तांबूस होऊन नुसती लोळायची. काच दुपारपर्यंत काळी पडे. मारिकाला वाटलं, कांड्याच दमट निघाल्या असतील. आणि मंगळवारी सकाळी शेगडी पेटलीच नाही. वाटीत कांड्यांचा ढीग साचला, थोडा धूर काचेवर फिरला, आणि यंत्र पीं पीं करायला लागलं. बाहेर खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी होती. तिने नोएमीला दोन स्वेटर चढवले, वर आपली शाल गुंडाळली आणि मोरेनोला फोन लावला.

मागून कपबशांचा आणि गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "वाटी उपसलीस का?"

"उपसते की रोज. थोडी राहू देते फक्त."

"काय राहू देतेस?"

"राख. अंथरूण म्हणून."

"अंथरूण? अगं, ती काय खुडूक कोंबडी आहे, अंडी उबवायला? राखेने भोकं बुजली असणार. वारा कुठून येणार? सळईची धग कांड्यांपर्यंत पोचणार कशी? मी जाताना एवढी घासून का ठेवली होती? रोज अशी दिसायला हवी, हे तुझ्या ध्यानात राहावं म्हणून."

मारिका म्हणाली, "मला वाटलं, तू घर बंद करून गेलास."

तिकडे कुणीतरी जर्मनमध्ये दोन वेळा काहीतरी मागितलं. 

"वेडी आहेस तू," तो शेवटी म्हणाला, एकदम हळू. "साचलेल्या कांड्या आधी काढ. तशीच पुन्हा पेटवू नकोस. ठेवतो, रांग लागलीय."

तेवढ्यात दार वाजलं. नोन्ना उभी होती, मागे दोरी बांधलेली घसरगाडी, गाडीत घोंगडी.

"धुराड्याच्या टोपीवरचं बर्फ वितळलेलं नाही," ती म्हणाली. "मी काय आंधळी आहे? चल, पोरीचे लंगोट गाठोड्यात बांध."

"नोन्ना, थोडं थांबा."

"कबूल केलं होतंस."

"पेटायची नाही त्या दिवशी, असं कबूल केलं होतं. दिवस अजून आहे. हिला धरा."

नोन्नाने नातीला कोटाच्या आत घेतलं, बटणं लावली आणि खुर्चीत बसली. मारिकाने शेगडीचं दार उघडलं. आत हात घालून पाहिला, सगळं गार. कांड्या ओंजळीने काढून बादलीत टाकल्या. मग वाटी उचलून बाहेर आणली आणि खरवडायला लागली. तळाची राख जळून दगडासारखी झाली होती, खपल्या निघत होत्या. विणायच्या सुईने एकेक भोक टोचून मोकळं केलं. वाटीखालची राख व्हॅक्यूमने ओढून घेतली, खण रिकामा केला, वरच्या खाचेतली दांडी पुढे-मागे ओढली तशी आतून काजळी भुरुभुरु गळली. केस, पापण्या, नाक, सगळं राखाडी झालं.

"अगदी धुराडेवाला दिसतेस," नोन्ना म्हणाली. पण वाटी लखलखायला लागली तशी तिने मान वळवली. "बस कर आता. बघवत नाही मला."

"ही रिकामी असली तरच पेटते, नोन्ना. हिचं उलटं आहे."

वाटी बसवली, दार लावलं, बटण दाबलं. थोड्या कांड्या टपटपल्या. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता पंखा. मारिका काचेला नाक लावून बसली होती. आत धूर घुटमळला, दाट झाला, आणि एकदम भक्कन जाळ उभा राहिला. उंच, पिवळा, ताठ.

"पेटली!" ती ओरडली. नोएमी दचकून रडायला लागली, आणि मारिका हसत हसत तिला घ्यायला वळली.

नोन्नाने बटणं सोडली, पोर तिच्या हातात दिलं.

"पेटली की," ती म्हणाली.  "छान पेटलीय. मी सकाळीच माझ्या घरी वरच्या खोलीतली शेगडी पेटवून आले होते. मोरेनोचा बाप, आल्दो, गेल्यापासून बंदच होती ती. म्हटलं, पाळणा तिथेच ठेवू, ऊन येतं तिकडे. पाळणा पुसून ठेवलाय. असू दे. विझेल आपली आपण."

मारिकाच्या तोंडचं हसू तसंच राहिलं. एवढे दिवस आपण एका एकट्या पडलेल्या बाईशी भांडत होतो, हे तिला आत्ता दिसलं.

"थांबा ना इथेच. जेवून जा."

"आणि माझं सूप? चुलीवर उतू जायला ठेवलंय का?" नोन्ना उठली, कोटावरची राख झटकली. "जिंकलीस तू. तोंड धू आधी, पोरगी घाबरेल."

रिकामी घसरगाडी ओढत ती उतारावरून खाली निघाली. दोन्हीकडे बंद झडपा, मध्ये तिची एकटीची पावलं. मारिकाने कडी काढून खिडकी उघडली. गार वारा आत आला, तिने नोएमीला छातीशी दाबलं.

"नोन्ना! रविवारी आम्ही दोघी येतो जेवायला!"

नोन्ना थांबली, पण वळली नाही.

"आज मंगळवार आहे, पोरी. रविवार लांब आहे," ती म्हणाली, आणि चालायला लागली.