दादांचा ज्वालामुखी

आमचे दादा, म्हणजे माझे वडील बन्सीधर गुरुजी, ताडकळसजवळच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि थेट ज्वालामुखीच्या नादी लागले. लोक म्हातारपणी पोथी धरतात, यांनी मोबाईल धरला. सकाळी अंघोळ करून, गंध लावून ते परदेशातल्या एका डोंगराचं थेट दर्शन घेत. डोंगर बहुतेक वेळा नुसता धुमसत असायचा. फुटला की घरात नैवेद्याला शिरा व्हायचा, आणि तो ढवळायचा माझ्या मायनं, मनकर्णानं.

आपली काळी जमीन त्याच आगीतून आली, तेव्हा सगळ्या देवांच्या आधीचा देव हाच, असं ते येईल त्याला ऐकवत. इथवर ठीक होतं. पण एकदा जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, की आपल्या अस्थी गंगाखेडला गोदावरीत सोडायच्या नाहीत, त्या डोंगराच्या तोंडात टाकायच्या. मी परभणीपलीकडे क्वचित गेलेला माणूस. गाडगं घेऊन तिथं कसा चढणार, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

माय मात्र हसली नाही. "मग गंगेत मी एकटीच का?" तिनं विचारलं.

"एकटी कशी? आपल्या समद्या पिढ्या तिथंच हायत की," दादा म्हणाले.

त्यानंतर सणासुदीला तिनं हाच विषय काढायचा आणि दादांनी तिला लाव्ह्याचं माहात्म्य समजावायचं, असं चालू झालं. मला दोघांचाही राग यायचा. धडधाकट माणसांनी मेल्यावरच्या जागेवरून भांडावं, म्हणजे कमालच.

यंदा पोळ्याच्या आधी तापाचं निमित्त झालं आणि माय गेली. राख सावडून आम्ही गंगाखेडला आलो. दादा पाण्यात उतरले, तेवढ्यात माझ्या हातातला त्यांचा फोन वाजला. वर्षभर वाट पाहायला लावणारा डोंगर नेमका तेव्हाच फुटला होता. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पाहिलंही नाही. दोन्ही हातांनी गाडगं धरून त्यांनी सगळी राख जपून सोडली.

वर आल्यावर अंग न पुसताच म्हणाले, "बालाजी, माझं बी इथंच कर."

मला हायसं वाटलं, आणि रडूही आलं. मग डोंगराचं काय, म्हणून मी विचारलं.

दादांनी नदीकडं बोट दाखवलं. "ह्या पाण्यात माझी आई हाय रे," ते म्हणाले. "तुला आजीचा सभाव म्हाईत न्हाई. हिला तिच्यापाशी एकटीला कशी ठिवू?"