क्लारा डेल

“आर्विड, ‘क्लारा डेल’ चार वाजता बंदरात येतेय म्हणे?”

फोनवर जेनेव्हा कोस्की होती. आर्विडच्या हातातलं सँडविच हातातच राहिलं.

कॉम्प्युटरचं पहिलं पान छोट्या छोट्या गॅझेटांनी सजवायचे ते दिवस. कुणी हवामान लावी, कुणी रोजचा विनोद. अमेरिकेतल्या डुलुथ या बंदरगावच्या वर्तमानपत्रात काम करणाऱ्या आर्विडनं जहाजांचं गॅझेट केलं होतं: बंदरात आज कोण येतंय, किती वाजता. प्रत्येक बदल आधी तो टेबलावरच्या सर्व्हरवर चालवून बघे. तिथलं बाहेर कुणाला दिसत नसे. चाचणीला खोटं जहाज लागे. तो दरवेळी ‘क्लारा डेल’ घाली.

ती त्याच्या वडिलांची मासेमारीची बोट. आर्विड शाळेत असताना एका नोव्हेंबरात ती सुपीरिअर सरोवरात बुडाली. वडील गेले, त्यांचा भागीदार, जेनेव्हाचा नवरा रेनो कोस्कीही गेला. आज नवी आवृत्ती चढवताना ते नाव पुसायचं राहून गेलं होतं.

त्यानं नाव काढलं आणि कोट चढवत, जहाजं ज्यातून बंदरात शिरतात त्या कालव्याकडे धावला; ती तिथेच गेली असणार. जेनेव्हा कठड्याशी वाऱ्यात उभी होती.

“मिसेस कोस्की, चुकलो मी. ते खरं नव्हतं, माझ्या मशीनवरची चाचणी होती.”

“मला काय वेड लागलंय? बुडालेली बोट येत नसते, कळतं मला.” तिनं नाक पुसलं. “पण नाव वाचलं आणि घरात बसवेना. तेच कशाला घातलंस रे?”

“पहिल्या दिवशी तेच सुचलं. मग बदलवेना.”

“तुझ्या त्या मशीनवर काय होतं तिचं?”

“येते. वारा कितीही घाला, येते.”

“मग चल, दाखव.”

ऑफिसात त्यानं तिला आपली खुर्ची दिली आणि कळ दाबली. पडद्यावर कालव्यावरचा पूल वर उचलला गेला, सरोवराकडून एक काळी बोट सरकत आत आली. खाली अक्षरं उमटली: ‘क्लारा डेल, वेळेवर.’

“वेळेवर?” जेनेव्हा फिसकन हसली. “रेनो आणि वेळेवर! अर्धा तास उशीर घाल.”

आर्विडनं घातला. पुन्हा कळ दाबली.

बोट पुलाखाली आली, तेव्हा कालव्याकाठी येणाऱ्या जहाजाला सगळे करतात तसा जेनेव्हानं हात वर केला.