चौदा पायऱ्या आणि नवा गुडघा

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुमच्या उजव्या पायात नवाकोरा गुडघा बसवलाय. समोर चौदा पायऱ्या आहेत आणि वर दारात सगळी माणसं तुमच्याकडं बघत उभी आहेत. छातीत धडधडतंय ना?

उमाबाईंचंही तसंच झालं होतं. ऑपरेशनला दोन महिने झाले होते. सास्तूरच्या त्यांच्या घराला जिना नाही, म्हणून चौथीतली नात शिवलीला त्यांना रोज शाळेच्या स्टेजकडं न्यायची. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंचं वाक्य ती मोठ्यानं म्हणायची, "चढताना चांगला पाय आधी, मग काठी आणि ऑपरेशनचा पाय." तिथल्या पाच पायऱ्या आजीला अगदी पाठ झाल्या होत्या.

आज उमरग्यात त्यांच्या लेकीच्या, श्रीदेवीच्या, नव्या घराचा गृहप्रवेश होता. घर दुकानाच्या वर. गॅसवर पहिलं दूध आईनंच ठेवायचं, हा लेकीचा हट्ट.

जावई गौरीशंकर खुर्ची घेऊन आले. "मामी, बसा हिच्यात. आम्ही चौघं उचलून नेतो."

"चौघांनी उचलायला अजून वेळ हाय, जावईबापू," उमाबाई म्हणाल्या. जिनाभर हशा पिकला.

त्यांनी कठडा धरला आणि उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. शुभकार्याला उजवा पाय पुढं, हे त्यांच्या अंगातच भिनलेलं. पण सगळं वजन नव्या गुडघ्यावर आलं. दुसऱ्या पायरीवर कळ निघाली. तिसरीवर पाय थरथरायला लागला. गौरीशंकर पुन्हा खुर्चीकडं वळले.

"आज्जी, उजवा का टाकतीस आधी?" शिवलीलानं विचारलं.

"लेकीच्या नव्या घरात डाव्या पायानं जाऊ व्हय गं?"

शिवलीलानं वर बघितलं. "घर कुठं आलंय अजून? उंबरा तिथं वर हाय. ह्या नुसत्या पायऱ्या. उंबऱ्यात टाक की उजवा."

उमाबाईंनी मान वर करून उंबऱ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ही पोरगी वकील होतीय बघा."

डावा पाय वर गेला. मागून काठी आणि उजवा. चार. पाच. वर दारातली माणसं मोजायला लागली. सातव्या पायरीवर त्यांनी दम खाल्ला. नवव्या पायरीवर घामानं हात कठड्यावरून सटकला, त्यांनी तो पदराला पुसला आणि पुन्हा घट्ट धरला. बारा. तेरा. चौदा! उंबऱ्याशी त्या थांबल्या, उजवा पाय उचलला आणि आत ठेवला. थोड्याच वेळात दूध उतू गेलं आणि श्रीदेवी आईच्या गळ्यात पडली.

जेवणं झाल्यावर उमाबाई मोठ्या जोशात जिन्याशी आल्या. "चांगला पाय आधी," असं म्हणत त्यांनी डावा पाय खाली सोडायला घेतला. आता तुम्हीच एक पायरी उतरून बघा. जो पाय वर राहतो, त्यालाच वाकून सगळा भार पेलावा लागतो.

शिवलीला चटकन आजीला वळसा घालून एक पायरी खाली उतरली, तिच्याकडं तोंड करून उभी राहिली आणि खाली वाकून आजीच्या उजव्या पावलावर हळूच टिचकी मारली.