चिठ्ठीत न लिहिलेलं

...पाकिटावरच्या पट्टीतल्या रेघा काळ्या झाल्या होत्या. चांगल्या ठसठशीत काळ्या. म्हणजे ऑटोक्लेव्ह मशीनच्या वाफेत आतली हत्यारं पुरती निर्जंतुक झाली, विषाणू म्हणून काही उरलं नाही – हे ती पट्टी हर्षदाला तिच्या शिरूरच्या दातांच्या दवाखान्यात नऊ वर्षं रोज सांगत होती, आणि रोज हर्षदाचा तिच्यावर विश्वास बसत होता. मग सकाळीच काय धाड भरली होती?

सकाळी कवठे येमाईचे मल्हारीआप्पा आले होते, गाल हा एवढा सुजलेला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, आधीच सांगतो, मला एचआयव्ही हाय. सात वर्षं झाली, सरकारी गोळ्या चालू हायेत. एक दिस चुकवत न्हाई."

भिंतीवर पाटी होती – 'आपला कोणताही आजार डॉक्टरांपासून लपवू नका' – ती वाचूनच बोलले असतील बिचारे. आणि हर्षदा हसून, अगदी गोड हसून म्हणाली, "अहो आप्पा, मशीन बंद पडलंय हो." बंद! तासभर आप्पा बाहेर बाकावर त्याच मशीनची घरघर ऐकत बसले होते. "व्हय का," एवढंच म्हणाले. त्यांची लेक दौंडला दिलेली, म्हणून हिनं तिथल्या ज्ञानेशला, आपल्या वर्गमित्राला, चिठ्ठी लिहून दिली – दाढ काढावी. आजाराबद्दल एक अक्षर नाही. लिहिलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मग तू का नाही काढलीस?

माहीत सगळं होतं तिला. गोळ्या नियमित घेणाऱ्याकडून धोका किती कमी, सुई टोचलीच तर काय करायचं... आप्पांनंतर केंदूरच्या साखरबाईंची दाढ काढली, त्यांचं रक्त कुठं तपासलं होतं? कारेगावच्या कंपन्यांतली माणसं येतात, त्यांना कधी विचारलं? जो खरं बोलला त्यालाच तेवढं... शी! स्वतःचीच लाज वाटली तिला. खुर्चीसुद्धा दोनदा पुसून घेतली होती तिनं, आप्पा तीत टेकलेही नव्हते तरी.

पाच वाजता फोन आला.

"मॅडम, निघाली बरं का दाढ! धा मिंटांत." तोंडात बोळा असावा, आप्पांचे शब्द जड येत होते. "लई उपकार झालं तुमचं. तिथं मी काय सांगितलंच न्हाई. तुम्हीबी चिठ्ठीत लिवलं नव्हतं, तवा म्हटलं, मॅडम शिकलेल्या, इचार करूनच गाळलं आसंल."

तिच्या मनात आलं, ज्ञानेशनं हातमोजे तरी नीट... आणि लगेच, त्याच्याही आतून, हळूच – बरं झालं, आपल्याकडं नाही. वाटलं ते वाटलंच. आता ते कुठं लपवणार होती ती?

"आप्पा, ते मशीन..."

"ऱ्हाऊ द्या वो." रागावले असते तर बरं झालं असतं. "एक इचारायचं व्हतं. खालची आजून एक दाढ ठणकतीय. आता कुठं गेलो तर सांगू, का नगं सांगू? तुम्ही म्हणाल तसं करतो."

पाटी तिनंच रंगवून घेतली होती, पिवळ्यावर निळी अक्षरं. 'सांगा' म्हणायचं तर 'माझ्याकडंच या' म्हणावं लागणार होतं. 'नका' म्हणायचं तर ती पाटी उतरवावी लागणार होती. हातातलं पाकीट तिनं इतकं घट्ट धरलं होतं की आतला चिमटा बोटांना रुतत होता.

"हॅलो... मॅडम? येतोय न्हवं माझा आवाज?"

येत होता. कधी नव्हे इतका येत होता.