चिंधी पांढरी येईपर्यंत

दत्ताजीरावांनी बारीक दोरीचं टोक रायफलच्या नळीत सोडलं, दुसऱ्या बाजूनं धरलं आणि नखाएवढी चिंधी एका दमात ओढून काढली. सहाव्यांदा. उजेडात धरून पाहिली. कोपऱ्यात अजून करडी होती, मांजराच्या मिशीएवढी. त्यांनी नवी चिंधी घेतली.

समोर त्यांची नात राजेश्वरी पलंगावर मांडी घालून बसली होती. नेमबाजीचं जाड जाकीट तिनं अजून काढलं नव्हतं.

"आबा, आजपासून हे नाही करायचं."

मग तिनं एका श्वासात सगळं सांगून टाकलं. अहल्या मॅडम, म्हणजे तिच्या कोच, म्हणत होत्या की एअर रायफलची नळी रोज पुसायचीच नसते. छर्ऱ्यांचं शिसं आत पातळसं बसतं आणि त्यावरूनच पुढचा छर्रा सरळ जातो. ते रोज खरवडून वर तेल लावलं, की पहिले वीस-पंचवीस छर्रे वाट्टेल तिकडे. म्हणून तर तिची पहिली फेरी नेहमी वाया जायची. साफ करायची ती वर्षातून फार तर दोनदा, कोरडी, आणि तीही नेम बिघडला तरच. दसऱ्यानंतरच्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. मुलींच्या जागा तीनच.

"वर्षातून दोनदा," दत्ताजीराव म्हणाले. "मग बाकीचे दिवस काय करायचं?"

राजेश्वरी पलंगावर आडवी होऊन हसली. आबांचे विनोद असेच असायचे, तोंड न हलवता केलेले.

पलटणीत सत्तावीस वर्षं त्यांनी रोज संध्याकाळी बंदूक साफ केली होती. चिंधी पांढरी येईपर्यंत उठायचं नाही. निवृत्तीनंतर हात रिकामे झाले, बायको जिजाबाई गेल्यावर घरही. दोन वर्षांपूर्वी नातीची रायफल आली आणि साडेपाच पुन्हा वाजायला लागले. फरशीवर पेपर, तेलाची कुपी, जिजाबाईंच्या मऊ लुगड्याच्या चिंध्या. आणि समोर राजेश्वरी, शाळेतली भांडणं सांगत, सरांच्या नकला करत. नळी स्वच्छ व्हायला अर्धा तास लागायचा. कधी दत्ताजीराव तो पाऊण करायचे.

रायफल आता क्लबच्या कपाटात राहू लागली. राजेश्वरी तिथून परस्पर ट्यूशनला जायची, आठला यायची, मोबाइलकडे बघत जेवायची. मुलगा नंदेसरीच्या कारखान्यात पाळीवर, सून बँकेत. दत्ताजीरावांनी पंख्याची पाती पुसली, कुलुपं उघडून साफ केली, बिजागऱ्यांना तेल घातलं. कारेलीबागेतल्या त्या फ्लॅटचं एकही दार आता कुरकुरत नव्हतं. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, तेही कळेनासं झालं.

खंडेनवमीला मात्र रायफल घरी आणायला त्यांनी सांगितलं. त्या दिवशी घरात शस्त्रं पुजायची रीत होती, आणि पाटावर मांडायची प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या हाताखालून जायची. पणजोबांची तलवार लखलखली. विळीसुद्धा. शेवटी त्यांनी रायफलची पेटी उघडली. चिंधी दोरीत ओवली. नळीच्या तोंडाशी धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग चिंधी खिशात घातली, पेटी बंद केली आणि कुंकू पेटीलाच लावलं.

संध्याकाळी राजेश्वरी आली. तिनं पेटी उघडली, वाकली आणि नळीच्या तोंडाचा हळूच वास घेतला. तेलाचा नव्हता. तिनं झाकण लावलं.

दत्ताजीराव देवापाशी वात सारखी करत होते. त्यांनी पाहिलं होतं.

रविवारी ते पहिल्यांदाच तिच्याबरोबर रेंजवर गेले. मागच्या बाकावर टोपी सावरून बसले. पहिल्या फेरीत तिला एकशे नऊपैकी एकशे तीन पूर्णांक आठ मिळाले. शेवटी यादी लागली तेव्हा तिचं नाव तिसरं होतं. ती धावत आली, आबांच्या पाया पडली, पडता पडता त्यांचा चष्मा पाडला.

मागोमाग अहल्या मॅडम आल्या.

"आबासाहेब, आता सांगायला हरकत नाही. तो दुकानदार होता ने, हिची रायफल सारखी घासून द्यायचा, त्यानं वर्ष खाल्लं हिचं. मी कितीदा म्हटलं, नाव सांग, जाऊन भांडून येते. सांगेचना पोरगी."

राजेश्वरी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली. ती बांधलेलीच होती.

दत्ताजीरावांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"म्हातारा आहे तो," ते म्हणाले. "आता बंद केलंय त्यानं."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या आणि दुसऱ्या मुलीकडे वळल्या.

क्लबच्या कपाटाशी राजेश्वरी थांबली. किल्ली कुलपात घातली, तशीच बाहेर काढली आणि टेबलावर ठेवून आली. पेटी तिच्या हातातच होती.

रिक्षात पेटी दोघांच्या मांड्यांवर आडवी पडली. फतेगंजचा पूल आला.

"आबा, साडेपाचला घरी आहात ने?"

दत्ताजीरावांनी खिशातून नवमीची ती चिंधी काढली. पेटीवरच्या कुंकवाला तिचा स्पर्श होऊ न देता त्यांनी त्याच्याभोवतीची धूळ तेवढी टिपली.